झेनॉन बसवावा की हॅलोजनच ठेवावा: मराठवाड्यातल्या रात्रीच्या रस्त्यांसाठी

सोलापूर-धुळे महामार्गाच्या चौपदरी भागात किंवा समृद्धीवर कुठलाही धड हेडलाइट चालून जातो. दुभाजक असतो, कडेची पांढरी पट्टी चमकते, समोरची गाडी पलीकडच्या बाजूने जाते. हेडलाइटचा खरा कस लागतो तो महामार्ग सोडून केज, कळंब, औसा, जिंतूर, भोकरदन अशा तालुक्यांच्या आतल्या रस्त्यांना लागल्यावर. पट्टी नाही, साइडपट्टी खचलेली, समोरून अपर (लांब पडणारा झोत) मारत येणारा पिकअप आणि गाळप सुरू झालं की उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर. त्या ट्रॉलीला मागे लाल दिवा नसतो, रिफ्लेक्टर असला तरी लोंबणाऱ्या उसाआड झाकलेला. अंधारात ती मातकट रंगाची एक भिंतच असते. ती किती आधी दिसते, यावरच झेनॉन आणि हॅलोजनची तुलना करायला हवी.

निकाल आधीच सांगून टाकतो. कंपनीने झेनॉनसाठी बनवलेल्या प्रोजेक्टरमधला (भिंगातून उजेड नेमका टाकणाऱ्या दिव्यातला) झेनॉन हॅलोजनपेक्षा नि:संशय सरस आहे. हॅलोजनच्या हेडलाइटमध्ये ठोकलेलं झेनॉनचं किट मात्र साध्या हॅलोजनपेक्षाही वाईट, चालवणाऱ्यासाठीही आणि समोरच्यासाठीही. बाजारात विकली जातात ती बहुतेक किटंच.

आता आकडे. बोलेरो, स्विफ्ट, वॅगन-आर अशा गाड्यांत वर्षानुवर्षं एच-४ बल्ब आला, म्हणजे एकाच बल्बमध्ये अपर आणि डिपर (खाली पडणारा झोत) अशा दोन फिलामेंट. अपरला ६० वॅट, डिपरला ५५ वॅट. १३.२ व्होल्टवर त्याचा ठरलेला उजेड अपरला १६५० आणि डिपरला १००० ल्युमेनच्या आसपास (ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप). एकाच फिलामेंटचा एच-७ बल्ब ५५ वॅटमध्ये १५०० ल्युमेन देतो. कंपनीच्या झेनॉनमधला डी-२-एस बल्ब फक्त ३५ वॅट खाऊन ३२०० ल्युमेन देतो. हे वाचून कुणालाही झेनॉनच घ्यावासा वाटेल. पण हे आकडे बल्बचे आहेत. रस्त्यावर काय पडतं ते बल्बच्या मागचा आरसा ठरवतो, आणि त्याहीआधी बल्बपर्यंत वीज किती पोचते ते वायरिंग ठरवतं.

‘हॅलोजनचा उजेडच पडत नाही’ ही तक्रार घेऊन येणाऱ्या जुन्या गाड्यांत बहुतेकदा बल्ब निर्दोष असतो. त्याला व्होल्टेजच मिळत नसतं. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ घाताच्या प्रमाणात बदलतो. म्हणजे १३.२ ऐवजी १२ व्होल्ट पोचले तर उजेड ७२ टक्क्यांवर येतो, ११.५ पोचले तर ६२ टक्क्यांवर. बॅटरीतून निघालेला करंट इग्निशन स्विच, स्टिअरिंगखालचा कॉम्बिनेशन स्विच, दोन-तीन कपलर आणि बारीक वायर असा फिरून बल्बला येतो. दहा वर्षांच्या गाडीत या वाटेत एखादा व्होल्ट सहज जिरतो. शिवाय चेसिसला गंजलेलं अर्थिंग असतं, त्याकडे तर कुणी बघतच नाही.

हे तपासायला मल्टिमीटर पुरतो. इंजिन चालू ठेवून १५०० ते २००० आरपीएमवर धरा, डिपर लावा आणि आधी बॅटरीच्या दोन टोकांवर रीडिंग घ्या. अल्टरनेटर ठीक असेल तर १३.८ ते १४.४ दिसेल. मग कपलर बल्बला लावलेलाच ठेवून मागच्या बाजूने टोकं खुपसून बल्बवर रीडिंग घ्या. कपलर काढून मोजलं तर करंट वाहत नसल्यामुळे रीडिंग पूर्ण येतं आणि फसगत होते. दोन्हींत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक निघाला तर रिले हार्नेस (बॅटरीतून थेट बल्बला वीज देणारी, रिले नावाच्या विजेच्या स्विचवर चालणारी वेगळी वायरिंग) लावलाच पाहिजे, आणि हाच मराठवाड्यातल्या हॅलोजनवाल्यांसाठी सगळ्यात फायद्याचा खर्च आहे. तयार हार्नेस मिळतो, पण त्यातली वायर नीट बघून घ्या. वरून जाड दिसते आणि आत तांब्याच्या चार तारा निघतात.

धड हार्नेस असा हवा: अपरला एक आणि डिपरला एक असे १२ व्होल्ट, ३० अँपिअरचे दोन चार-पिनी रिले. वायर २.५ स्क्वेअर एमएमची. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतराच्या आत प्रत्येक रिलेला १५ अँपिअरचा फ्यूज. ५५ वॅटचे दोन बल्ब मिळून साडेआठ अँपिअरच्या आसपास ओढतात, ६० वॅटचे सव्वानऊ, त्यामुळे १५ पुरतो. फ्यूज बॅटरीपासून लांब ठेवला तर मधली वायर घासून बॉडीला लागल्यावर ती जळण्यापासून वाचवणारं काहीच उरत नाही. रिलेच्या ३० नंबरच्या पिनला बॅटरी, ८७ ला बल्ब, ८५ आणि ८६ ला जुन्या हेडलाइट कपलरमधून आलेला सिग्नल आणि अर्थ. प्लॅस्टिकच्या जागी सिरॅमिकचे होल्डर. अर्थ थेट बॅटरीच्या निगेटिव्हला. रिले बसवताना पिना खालच्या बाजूला ठेवा, नाहीतर पहिल्याच पावसात आत पाणी साचतं. एक सावधगिरी मात्र घ्याच: काही गाड्यांत हेडलाइटचा स्विच पॉझिटिव्हऐवजी अर्थच्या बाजूला असतो. वायरमनने ते न तपासता जोडणी केली तर रिले उलटेसुलटे चालतात आणि दोष बल्बवर येतो.

रिले लावल्यावर बल्बचं आयुष्य थोडं घटतं. ठरलेल्या व्होल्टेजपेक्षा ५ टक्के जास्त मिळाले तरी ते निम्म्यावर येऊ शकतं. म्हणून एक बल्ब डॅशबोर्डच्या खणात ठेवावाच. बदलताना काचेला बोट लावू नका. बोटाचा तेलकटपणा राहिला तर तेवढ्या जागी काच जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. चुकून लागलंच तर स्पिरिटने पुसा आणि मग लावा.

१००/९० वॅटचे बल्ब मागणारे खूप आहेत. मूळ वायरिंगवर ते लावले तर आधी होल्डर वितळतो, मग आरशाचा मुलामा काळा पडतो, आणि एकदा आरसा गेला की कुठलाही बल्ब त्यात उजेड पाडू शकत नाही. त्यापेक्षा चांगल्या कंपनीचा ६०/५५ वॅटचाच सुधारित बल्ब घ्यावा. फिलिप्स आणि ऑसरामचे असे बल्ब मिळतात. डब्यावरच्या ‘शंभर टक्के जास्त’ वगैरे शब्दांचा अर्थ एकूण उजेड दुप्पट असा नसतो. फिलामेंट जास्त घट्ट आणि नेमकी गुंडाळलेली असते, त्यामुळे रस्त्यावरच्या ठराविक जागी उजेड एकवटतो. लांबचं थोडं लवकर दिसतं, हे खरं. साध्या बल्बपेक्षा तो लवकर जातो, हेही खरं.

आता झेनॉन. यात फिलामेंट नसते. क्वार्ट्झच्या छोट्या फुग्यात झेनॉन वायू आणि धातूंचे क्षार असतात, आणि दोन टोकांमध्ये विजेची ठिणगी अखंड जळत राहते. ती पेटवायला क्षणभर वीस हजार व्होल्टच्या वर लागतात, ते बॅलास्ट आणि इग्निटर हे दिव्यासोबतचे इलेक्ट्रॉनिक भाग देतात. पेटल्यावर डी-२-एस ८५ व्होल्टच्या आसपास चालतो. बॅटरीकडून येणारं व्होल्टेज थोडं कमी-जास्त झालं तरी बॅलास्ट ३५ वॅट कायम ठेवतो, त्यामुळे हॅलोजनसारखा उजेड पडत-चढत नाही. कंपनीच्या झेनॉनचा रंग ४३०० केल्विनच्या आसपास, म्हणजे पांढरा, किंचित उबदार. रस्त्याच्या दोन्ही कडांना उजेड पसरतो, आणि बाभळीआडून रस्त्यावर येणारी रोही किंवा रानडुकरं त्या कडेच्या उजेडातच आधी दिसतात. या बाबतीत हॅलोजन त्याच्या जवळपासही येत नाही.

पण हे सगळं प्रोजेक्टरमध्ये, आपोआप पातळी सांभाळणाऱ्या मोटरीसह आणि काच धुणाऱ्या फवाऱ्यासह. युरोपच्या नियमांत २००० ल्युमेनच्या वरच्या दिव्याला या दोन्ही गोष्टी सक्तीच्या केल्या गेल्या त्या उगाच नाही. मागे तीन माणसं आणि डिकीत पोती टाकली की गाडीचं नाक वर येतं. काचेवर फुफाटा बसला की उजेड चौफेर फुटतो. झेनॉनचा उजेड इतका की दोन्ही वेळा समोरच्याचे डोळेच दिपतात.

किटात नेमकं बिघडतं काय, ते एच-४ बल्ब हातात घेऊन बघितलं की कळतं. डिपरच्या फिलामेंटखाली पत्र्याची एक छोटी वाटी असते. ही वाटी खालच्या बाजूला जाणारा उजेड अडवते, म्हणून तो फक्त आरशाच्या वरच्या भागावर पडतो आणि तिथून खाली रस्त्यावर येतो. समोरच्याच्या डोळ्यांना वाचवणारी कापल्यासारखी सरळ रेघ त्या वाटीच्या काठामुळे तयार होते. आरशाचा प्रत्येक वळसा त्या बारीक, सरळ फिलामेंटची जागा धरून आखलेला असतो. किटातल्या बल्बमध्ये फिलामेंटच्या जागी कमानीसारखी वाकलेली ठिणगी येते, ती दोन टोकांशी जास्त तेजस्वी असते, आणि अपर-डिपरसाठी एक लोहचुंबक अख्खा बल्ब पुढे-मागे ढकलतो. एखाद्या मिलिमीटरचा फरकही पुढे रस्त्यावर मोठा होतो. रेघ फुटते, उजेड वर झाडांत जातो, समोरच्याच्या काचेत जातो.

आणि बसवणाऱ्याला मात्र वाटतं की भरपूर उजेड पडतोय! कारण बोनेटपुढच्या दहा-पंधरा मीटरमध्ये लख्ख पांढरं दिसतं. डोळ्याची बाहुली त्या जवळच्या उजेडाला जुळवून घेते आणि लहान होते. मग पुढे साठ-सत्तर मीटरवरचं आणखी काळं दिसतं, आणि ट्रॉली तर तिथेच असते. ताशी ८० किलोमीटरला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरला तर ३३ मीटर गेले, आणि कोरड्या डांबरावर थांबायला आणखी ३५ मीटर तरी लागतात. एकूण सत्तरच्या आसपास. जवळचा लखलखाट या हिशेबात कुठेच उपयोगी पडत नाही.

किट विकताना रंगाचा आग्रह होतो: ६०००, ८००० केल्विन. आकडा जितका मोठा, तितका रंग निळा; आणि जितका निळा, तितका एकूण उजेड कमी, आणि निळसर उजेड डोळ्यांना जास्त झोंबतो. पावसात ओलं डांबर आरशासारखं वागतं, उजेड पुढे निघून जातो आणि रस्ता काळाच दिसतो. हे कुठल्याही दिव्याचं होतं, पण निळ्या-पांढऱ्यात थेंबांची चमक जास्त त्रास देते. घ्यायचाच असेल तर ४३०० च.

आणखी एक अडचण घाटात कळते. झेनॉनला पूर्ण तेजावर यायला काही सेकंद लागतात. वेगळ्या अपरच्या दिव्यात किट बसवलं तर कन्नड घाटाच्या वळणावर अपर चमकवून इशारा देईपर्यंत समोरचा ट्रक वळून आलेला असतो. कंपनीच्या बाय-झेनॉनमध्ये (अपर-डिपर दोन्ही एकाच झेनॉन दिव्यातून) दिवा सतत जळतो आणि अपरसाठी आतला पडदा फक्त खाली पडतो, म्हणून तिथे हा प्रश्न येत नाही.

कायद्याचंही ध्यानात ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत परवानगीशिवाय बदल करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

झेनॉन हवाच असा हट्ट असेल तर लोक जुना प्रोजेक्टर हेडलाइटमध्ये बसवून घेतात. कायद्याची अडचण इथेही तीच, पण किटापेक्षा उजेड खूप बरा. फक्त तो प्रोजेक्टर कुठल्या देशातल्या गाडीचा आहे हे बघा. आपण डावीकडून चालतो, म्हणून आपली रेघ डावीकडे वर चढायला हवी. युरोपातून भंगारात आलेल्या प्रोजेक्टरची रेघ उजवीकडे चढते, म्हणजे नेमकी समोरून येणाऱ्याच्या तोंडावर. भिंतीवर उजेड टाकून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

बल्ब कुठलाही असो, त्याआधी काच बघा. इथल्या उन्हात पॉलिकार्बोनेटची काच काही वर्षांत पिवळी, दुधाळ पडते, आणि अशा काचेमागे झेनॉनसुद्धा वाया जातो. ८०० नंबरचा वॉटर पेपर पाणी मारत फिरवा, मग १५००, मग २०००, मग पॉलिश. शेवटी यूव्ही क्लिअर कोट मारलाच पाहिजे. टूथपेस्टने घासून चकाकी येते, पण वरचा संरक्षक थर निघून गेलेला असतो आणि काही महिन्यांत काच पुन्हा पिवळी होते.

मग रोख लावा. टायरमध्ये हवा बरोबर, चालकाच्या सीटवर माणूस, लेव्हलिंगचं बटण (दिव्याचा रोख खाली-वर करणारं) शून्यावर, सपाट जागी भिंतीपासून १० मीटर. जमिनीपासून बल्बच्या मध्याची उंची मोजून भिंतीवर खूण करा. डिपरची रेघ त्या खुणेच्या १० सेंटिमीटर खाली हवी. एकेक दिवा झाकून दुसरा तपासा. जागा नसेल तर ५ मीटरवर ५ सेंटिमीटर. मागे माणसं बसली की लेव्हलिंगचं बटण १ किंवा २ वर न्यायचं. ते बटण कित्येक गाड्यांत विकत घेतल्यापासून शून्यावरच असतं.

जुनी सुपर्ब किंवा एखादी जर्मन गाडी घेताना तिला कंपनीचा झेनॉन असेल तर तो नक्की तपासा. दोन्ही दिव्यांचा रंग सारखा हवा. एक गुलाबी किंवा जांभळट दिसत असेल, किंवा आपोआप विझून पुन्हा पेटत असेल, तर बल्ब संपत आला आहे. बदलायचा तर जोडीनेच बदलावा, नाहीतर नवा आणि जुना वेगळ्या रंगाचे दिसतात. डी-२-एसच्या जागी डी-४-एस चालत नाही, दोघांचं व्होल्टेज वेगळं: पहिल्याचं ८५, दुसऱ्याचं ४२. बल्ब बदलूनही दिवा पेटला नाही तर बॅलास्टच्या झाकणाखाली पाणी शिरल्याच्या खुणा शोधा. हात घालण्याआधी दिवे बंद, किल्ली बाहेर, बॅटरीचं निगेटिव्ह काढलेलं, आणि पाच मिनिटं थांबलेलं असावं.