पहिल्या ट्रॅक डेसाठी सस्पेन्शन: नुसतं सेटिंग, नव्या स्प्रिंग की नवा शॉकअप?

चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर पहिला ट्रॅक डे, म्हणजे रेस ट्रॅकवर स्वतःची मोटरसायकल चालवायचा दिवस, ठरला की पुण्या-मुंबईच्या रायडरपुढे तीन वाटा असतात. आहे ते सस्पेन्शन सेट करायचं, स्प्रिंग बदलायच्या किंवा मागे नवा शॉकअप टाकायचा. खिशाकडे बघण्याआधी स्वतःचं वजन बघा, कारण निवड त्यावरच ठरते.

पहिली वाट जवळजवळ फुकट आहे, आणि बहुतेकांना तेवढी पुरते. मागचं चाक अधांतरी असताना अॅक्सलपासून सीटखालच्या एका खुणेपर्यंतचं अंतर टेपने मोजा. मग हेल्मेट, सूट, बूट सगळं घालून बसा, एकाला गाडी धरायला सांगा, दुसऱ्याला तेच अंतर पुन्हा मोजू द्या. फरक म्हणजे तुमचा सॅग. ट्रॅकसाठी मागे ३० मिमी आणि पुढे ३५ मिमीच्या आसपास आला की सुरुवात उत्तम. मागचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला दाब, बहुतेक गाड्यांवर सी-पान्याने फिरतो. पुढे अॅडजस्टर नसेल तर स्प्रिंगवरचा स्पेसर कमी-जास्त लांबीचा करून घेता येतो. अपाचे आरआर ३१० बीटीओच्या (टीव्हीएसची ‘बिल्ट टू ऑर्डर’ योजना) डायनॅमिक किटसह घेतली असेल तर पुढचा प्रीलोडही फिरवता येतो. रिबाउंडचा, म्हणजे दबलेलं सस्पेन्शन परत उघडण्याचा वेग ठरवणारा, स्क्रू असेल तर आधी तो हलक्या हाताने पूर्ण बंद करा, मूळ क्लिक किती होते ते मोजून लिहून ठेवा, मगच बदला. सीट दाबून सोडल्यावर गाडी एकदाच वर येऊन थांबली पाहिजे. ती डुलत राहिली तर रिबाउंड थोडा आवळा.

प्रीलोड वाढवला की स्प्रिंग कडक होते, हा गैरसमज गॅरेजमध्ये रोज ऐकू येतो. स्प्रिंग तेवढीच राहते, फक्त गाडी वर उचलली जाते. म्हणून दुसरी वाट कधी धरायची, हे गाडीच सांगते. तुम्ही बसल्यावर सॅग बरोबर येतो, पण रिकामी गाडी स्वतःच्या वजनाने जराही खाली बसत नाही? मग स्प्रिंग तुमच्यासाठी मऊ आहे. फोर्कच्या, म्हणजे पुढच्या सस्पेन्शनच्या, नळीला झिप टाय बांधा; फोर्क किती दबला ते तो सरकून दाखवतो. सेट केलेल्या सॅगवरही प्रत्येक जोरदार ब्रेकिंगनंतर तो अगदी शेवटाला भिडत असेल, तर पुढेही बहुधा तेच दुखणं आहे. वजनदार रायडरने इथे पैसे घालावेत, माझं याबाबत दुमत नाही. फोर्क उघडलेलाच असतो, तेव्हा ऑईल आणि सीलही त्याच वेळी बदलून घ्या.

नवा शॉकअप उत्तम वस्तू आहे, पण नवशिक्याला त्याचा फायदा कळायला वेळ लागतो. जोवर तुमची लाइन (वळणातून जायचा मार्ग) आणि ब्रेकिंगची जागा दर लॅपला बदलते, तोवर कंप्रेशनचे (सस्पेन्शन दबण्याचा वेग ठरवणारे) दोन क्लिक काय करतात हे कळणार कसं? तेच पैसे चांगले टायर आणि प्रशिक्षणाकडे वळवा. मूळ शॉकअपमधून ऑईल गळत असेल किंवा सॅग नीट असूनही काही लॅपनंतर मागची बाजू डुलायला लागत असेल, तर मात्र तो घ्याच. ऑर्डर देताना गिअरसकट वजन सांगा, म्हणजे स्प्रिंग त्यानुसार मिळेल.

ट्रॅकवर कुठल्याही स्क्रूला हात लावण्याआधी टायरचं प्रेशर तपासा आणि एका सेशनमध्ये एकच बदल करा. घरी परतल्यावर प्रीलोड जुन्या पायरीवर आणा, विशेषतः घाटातल्या खड्ड्यांतून रोज जायचं असेल तर.