व्हॉल्व्हवरची अक्षरे मी वाचली होती

आमची डेअरी कृष्णाकाठी आहे. लहानच म्हणावी लागेल, पण ११ वर्षे मी ती स्वतः चालवतो आणि बिल न वाचता पैसे देणारा माणूस मी नाही. हे आधीच सांगतो, कारण पुढचे वाचून पुष्कळांना वाटेल की असा भोळा माणूस फसणारच होता.

गुढीपाडव्याच्या आठवड्यात श्रीखंडासाठीचा चक्का कोल्ड रूममध्ये होता आणि २ अंशांवर असणारी खोली ९ अंशांच्या खाली उतरेना. नेहमीचा मेकॅनिक गावी गेल्यामुळे एका ओळखीच्याने दिलेल्या नंबरवर मी फोन केला. आलेल्या माणसाने दाब मोजायचे गेज लावले, खोली थंड करणाऱ्या कॉइलकडे पाहिले आणि पाच मिनिटांत ‘एक्स्पान्शन व्हॉल्व्ह गेला’, म्हणजे कॉइलमध्ये पातळ (द्रव) गॅस मोजून सोडणारी झडप गेली, असा निकाल दिला. त्याआधी मी स्वतः ड्रायरला, म्हणजे गॅसमधला ओलावा आणि कचरा अडवणाऱ्या गाळणीला, हात लावून पाहिला होता. अलीकडची नळी कोमट होती आणि पलीकडची गार, घाम सुटलेली. ड्रायर तुंबल्याची याहून सोपी खूण नाही, हे मला नंतर कळले.

बिल असे झाले: व्हॉल्व्ह १४,८०० रुपये, गॅस ७,२०० रुपये, ड्रायर ६५० रुपये, मजुरी ३,५०० रुपये, एकूण २६,१५०. खरा उपाय होता तो या बिलातील सर्वांत लहान आकडा. जुना ड्रायर भिंतीशी पडून राहिला होता. तो पुढे दुसऱ्या मेकॅनिकने फुंकून दाखवला, तेव्हा त्यातून हवा जेमतेम जात होती. जुना व्हॉल्व्ह मात्र ‘भंगार आहे, मालक’ म्हणत तो पहिला माणूस पिशवीत घालून घेऊन गेला. काढलेला भाग कधीही नेऊ देऊ नका.

आता ज्या क्षणाची आठवण मला अजून झोपू देत नाही, त्याविषयी. तो व्हॉल्व्ह बसवत असताना मोबाइलचा टॉर्च मीच धरला होता. व्हॉल्व्हच्या डोक्यावर ‘आर-४०४ए’ असे कोरलेले मला स्वच्छ दिसले आणि हातभर अंतरावर आमच्या जुन्या युनिटच्या प्लेटवर ‘आर-२२’ लिहिलेले होते. ही दोन वेगळ्या गॅसची नावे. मी विचारलेसुद्धा. तो म्हणाला, “युनिव्हर्सल आहे मालक, दोन्हीला चालतो.” मी गप्प बसलो. बाहेर ४० अंश तापमान, आत १८० किलो चक्का आणि सकाळी दुकानदारांची गाडी येणार; अशा वेळी कोणता माणूस वाद घालत बसेल?

एका गॅससाठी बनवलेला व्हॉल्व्ह दुसऱ्याला का चालत नाही, हे समजायला फार शिक्षण लागत नाही. कॉइलमधून परतणाऱ्या नळीवर बांधलेली, आत गॅस असलेली छोटी कुपी म्हणजे व्हॉल्व्हचा बल्ब. बल्बमधला दाब व्हॉल्व्ह उघडतो, तर कॉइलमधला दाब आणि स्प्रिंग तो बंद करतात. ० अंशाला आर-२२ चा दाब सुमारे ५७ पीएसआय असतो आणि आर-४०४ए चा सुमारे ७२, त्यामुळे ४०४ए साठीचा बल्ब आर-२२ च्या यंत्रावर व्हॉल्व्ह गरजेपेक्षा जास्त उघडा ठेवतो आणि पातळ गॅस वाफ न होताच कॉम्प्रेसरकडे परततो. त्यात आमचे युनिट २ टन थंडावा देण्याच्या क्षमतेचे आणि त्याने बसवला ५ टनांचा व्हॉल्व्ह, कारण म्हणे मोठा असला की थंडी जास्त पडते. मोठ्या व्हॉल्व्हने थंडी वाढत नाही. तो कधी जास्त सोडतो, कधी एकदम मिटतो आणि गेजचा काटा डोलत राहतो.

ड्रायर नवा असल्यामुळे खोली त्या रात्री ३ अंशांवर आली. कॉइलकडून परतणाऱ्या नळीवर, म्हणजे सक्शन लाइनवर, थेट कॉम्प्रेसरच्या अंगापर्यंत पांढरा बर्फ चढला होता. “बघा, कशी थंडी पकडली!” असे तो म्हणाला आणि मी त्याला खूश होऊन चहा पाजला. तो बर्फ म्हणजे पातळ गॅस कॉम्प्रेसरपर्यंत पोचत असल्याची धोक्याची खूण होती; कॉम्प्रेसर फक्त वाफेसाठी असतो.

चौथ्या दिवशी आवाज सुरू झाला. पुन्हा येऊन त्याने व्हॉल्व्हची टोपी काढली, आतल्या स्क्रूला मिनिटभरात तीन पूर्ण फेरे दिले आणि ‘सेटिंग’चे २,५०० रुपये घेतले. त्याच्याकडे नळीचे तापमान पाहायला थर्मामीटरच नव्हता! पाव फेरा द्यायचा, पंधरा-वीस मिनिटे थांबायचे, मग पुन्हा मोजायचे, अशी रीत आहे. थर्मामीटर नसलेल्या माणसाला त्या स्क्रूला हात लावू देऊ नये. नवव्या दिवशी कॉम्प्रेसर बंद पडला. दुरुस्तीचा आगाऊ म्हणून ३०,००० रुपये घेऊन तो माणूस गेला आणि त्याचा फोन बंद झाला. चक्का आंबला, २४० रुपये किलोने ४३,२०० रुपये. सगळे मिळून १,०१,८५०.

आमचा नेहमीचा मेकॅनिक परतल्यावर त्याने दुसरा कॉम्प्रेसर तात्पुरता जोडून तोच व्हॉल्व्ह मला मोजून दाखवला. गेजवर ४० पीएसआय, म्हणजे त्या दाबाला आर-२२ उणे ८ अंशांवर उकळतो, आणि बल्बजवळची नळी उणे ७. या दोन तापमानांतला फरक, म्हणजे सुपरहीट, फक्त १ अंश, जिथे ५ ते ८ हवे. बल्ब नळीच्या पोटाखाली प्लॅस्टिकच्या पट्टीने बांधलेला, वर इन्सुलेशन नाही. नळीच्या तळाशी तेल वाहते, तिथे बल्बला खरे तापमान कळत नाही. प्लेटवर ४ किलो गॅस लिहिलेला असताना बिलात ६ किलो लावला होता. सिलिंडर वजनकाट्यावर ठेवूनच गॅस भरून घ्या, आधी आणि नंतर.

पोलीस ठाण्यात मी तीनदा गेलो. पहिल्यांदा साहेब बंदोबस्ताला होते. दुसऱ्यांदा ‘काम केले आहे, पावती आहे, मग फसवणूक कसली’ असे मलाच विचारण्यात आले. तिसऱ्यांदा, भारतीय न्याय संहितेचे फसवणुकीचे कलम ३१८ मी कागदावर लिहून नेले, तर ‘तुम्हीच वकील दिसता’ म्हणून अंमलदार हसले आणि बाब दिवाणी असल्याचे सांगून अर्जावर पोच द्यायलाही त्यांनी दोन तास लावले. पावतीवर जीएसटी क्रमांक नव्हता, तर कर कार्यालयात ‘क्रमांक नाही म्हणजे तो आमच्याकडे नोंदलेला नाही, मग आम्ही काय करणार’ असे उत्तर मिळाले. ज्याने काहीच नोंदवले नाही तो मोकळा आणि दर महिन्याला विवरणपत्र भरणारा मी खिडक्या झिजवतो आहे! ग्राहक आयोगाच्या खिडकीवर ‘डेअरी म्हणजे व्यापारी कारण’ म्हणून अर्ज परत करू पाहत होते. स्वयंरोजगाराने पोट भरणाऱ्याला २०१९ च्या कायद्यात सूट आहे आणि ५ लाखांपर्यंत शुल्कही नाही, हे मला त्यांना सांगावे लागले.

अर्ज शेवटी दाखल झाला. व्हॉल्व्ह काढून पिशवीत सीलबंद ठेवला आहे. अर्ज लिहिताना वकिलांनी विचारले की बसवण्याआधी त्यावरची अक्षरे तुम्ही वाचली होती का, आणि ‘नाही’ लिहिले तर बरे पडेल, असेही सुचवले. मी ‘होय’ लिहिले आहे.