गोबरगॅस: दीनबंधू की ड्रमवाला? आधी ढवळणार कसं ते बघा

रावेर-यावलकडचे बरेच जण विचारताय की दीनबंधू बांधू का लोखंडी ड्रमवाला, खर्च सगळेच विचारतात पण आत काला (शेण-पाण्याचं मिश्रण) फिरतो कसा हे कोणी विचारत नाही, अन् घोळ तिथंच होतो.

दीनबंधू म्हणजे 1984 चं मॉडेल, विटांचा घुमट, जमिनीत पुरलेला. ढवळायला काहीच नाही. गॅस साचला की काला आउटलेटकडे दाबला जातो, चूल पेटवली की माघारी येतो, तेवढीच हालचाल. नुसतं शेण-पाणी निम्मं निम्मं कालवून टाकाल तर ती पुरते, गंजायची भानगड नाही, थंडीत मातीची ऊब राहते. पण केळीचा खांब नाहीतर गव्हाणीतला कडबा आत गेला की तो तरंगतो, वर थर धरतो. आमच्याकडे गॅस अर्ध्यावर आला म्हणून आउटलेटमधून बांबू घातला, तर वीतभर जाड थर, बांबू आत जाईना! (आत कोणी उतरू नका, जीव जातो.) खाली शेणासोबत आलेली वाळू बसते ती वेगळीच, मग टाकीतली जागा घटते, ताजं शेण इनलेटमधून सरळ आउटलेटला निघतं, 40 दिवस मुरायचं ते अर्धकच्चं बाहेर. बाहेर पडणाऱ्या स्लरीला ताज्या शेणाचा वास येतोय ना, मग हेच चाललंय समजा.

ड्रमवाल्यात गॅस धरणारा लोखंडी ड्रम काल्यावर तरंगतो, तो हाताने फिरवता येतो, आतले आडवे गज थर फोडतात, मोठ्या टाकीत मधे भिंत असते म्हणून कच्चं शेण सरळ पार होत नाही. पण लोखंड आहे, रंग वेळेवर लावावा लागतो, अन् गॅस करणाऱ्या जंतूंना 35 अंशाच्या आसपास ऊब लागते तर डिसेंबरात उघड्यावरच्या ड्रममधून तीच निघून जाते.

मोटरचा मिक्सर गोशाळेसारख्या मोठ्या प्लांटलाच परवडतो. घट्ट काला पात्याजवळ पातळ होऊन फिरतो, कोपऱ्यातला जागचा हलत नाही, म्हणून छोट्या जोरदार पंख्यापेक्षा मोठं, सावकाश फिरणारं पातं बरं. अन् दिवसभर चालवू नका, मिथेन (जळणारा गॅस) करणारे जंतू दुसऱ्या जंतूंना चिकटून जगतात, फार घुसळलं की ती जोडी तुटते. थोडं थोडं, दिवसातून चार-पाचदा बस.

माझं म्हणाल तर तीन-चार जनावरं अन् निव्वळ शेण असेल तर दीनबंधूच. केळीचा कचरा टाकायचाच असेल तर ड्रमवाला, तोही कुट्टी करून. कुट्टी मशीन नसेल तर खांब कंपोस्टला टाका भाऊ, टाकीत नको.