ग्रीनहाऊस झकास, पण मे महिन्यात जागा ठरवली आणि फसलो

तळेगाव दाभाड्याला घरामागे परसात १० बाय १२ चं छोटं ग्रीनहाऊस बसवून घेतलं, त्याला आता पावणेदोन वर्षं होतील. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपचा सांगाडा, वर २०० मायक्रॉनचा पेपर म्हणजे प्लास्टिकचा कागद, बाजूंनी ५० टक्क्याची, म्हणजे निम्मं ऊन अडवणारी शेडनेट. माल चांगलाय, खोटं कशाला बोलू. दोन पावसाळे काढले, पाइपला गंज नाही, पेपर पकडणाऱ्या स्प्रिंगा वाऱ्यात एकदाही सुटल्या नाहीत.

रडगाणं आहे ते जागेचं. बसवणाऱ्यांचा माणूस जागा बघायला आला मे महिन्यात, भर दुपारी बाराला. इथे तेव्हा सूर्य बरोब्बर डोक्यावर, मेच्या मध्यात तर शून्य सावलीचा दिवसच असतो, मग सगळीकडे ऊनच ऊन दिसणार ना! नळ जवळ पडतो म्हणून घराच्या भिंतीपासून ६ फुटांवर खुणा मारल्या आणि आम्हीही माना डोलावल्या. आमचं परस घराच्या उत्तरेला आहे हे कोणाच्या डोक्यातच नाही आलं.

दिवाळी झाली आणि सावली सरकायला लागली. घर टाकीसकट २४ फूट, आणि डिसेंबरात सूर्य दक्षिणेला इतका कलतो की इथे भर दुपारीसुद्धा २१-२२ फूट सावली पडते, म्हणजे आमचे वाफे अख्खे सावलीत. टोमॅटोची रोपं उजेड शोधत नुसती लांबुडकी झाली, फुलं गळाली, पेपरला आतून सुटलेलं पाणी दुपारपर्यंत वाळायचं नाही आणि मग आला करपा. टोमॅटो, मिरचीला सहा तास तरी थेट ऊन हवंच हो, पालेभाजी त्याहून कमीत भागवते.

फोन केला तर म्हणे जागा कस्टमरने सांगितली! शेवटी फेब्रुवारीत पुन्हा मजुरी देऊन सगळं उचलून मागच्या कंपाउंडजवळ नेलं, घरापासून २४ फूट. नळाला लांब पाइप जोडावा लागला, पण परवाच्या डिसेंबरात साडेनऊ ते साडेचार ऊन मिळालं. साडेनऊच्या आधी शेजारच्यांचा आंबा आडवा येतो, त्याला इलाज नाही. पश्चिमेला शेवगा आहे त्याची विरळ सावली उन्हाळ्यात उलट सोयीचीच पडते, नाहीतर एप्रिलमध्ये आत भट्टी होते.

एक जुगाड सांगतो. उन्हाळ्यात जागा बघत असाल आणि हिवाळ्याची सावली कुठे येईल कळत नसेल तर वटपौर्णिमेच्या रात्री परसात जाऊन उभे राहा. त्या पौर्णिमेचा चंद्र साधारण डिसेंबरातल्या सूर्याच्याच वाटेने जातो, म्हणजे मध्यरात्री चांदण्यात घराची सावली जिथवर येते तिथवरच हिवाळ्यात दुपारी येणार, थोडंफार इकडेतिकडे. ढग नसले तर, जूनमध्ये आमच्याकडे तो प्रश्नच आहे म्हणा. तेही नाही जमलं तर दक्षिणेला जे काही उंच आहे, भिंत असो की झाड, त्याच्या उंचीएवढं अंतर सोडा.

मालाला ५ पैकी साडेचार, सर्व्हिसला दोन. दिशा विचारायला असा किती वेळ लागतो, मोबाइलमध्ये कंपास असतो की! जुन्या जागी आता अळू लावलंय, ते मात्र माजलंय.