व्हीएलसीपासून एफएफएमपेगपर्यंत : नाट्यसंस्थेच्या जुन्या फिती आणि काही महिन्यांचा अनुभव

कोणत्या कामासाठी ही व्हिडिओ-ऑडिओची सॉफ्टवेअर्स वापरली ते आधी सांगतो, कारण माझी सगळी मतं त्या कामावरून बनली आहेत. कोकणातल्या आमच्या हौशी नाट्यसंस्थेच्या कपाटात पस्तीसेक वर्षांचा ऐवज पडून होता. संगीत नाटकांच्या तालमींच्या ऑडिओ कॅसेट, स्पर्धेतल्या प्रयोगांच्या व्हीएचएस, पुढे मिनीडीव्ही, मग लग्नाचं शूटिंग करणाऱ्याकडून करून घेतलेल्या व्हीसीडी-डीव्हीडी आणि अलीकडे मोबाइलवर कुणीकुणी काढलेले तुकडे. इथल्या पावसाळ्यात फितीला पांढरी बुरशी धरते, त्यामुळे आणखी थांबण्यात अर्थ नव्हता. पैसे संस्थेकडे कधीच नसतात. तेव्हा जुना आय-फाइव्ह लॅपटॉप, त्यावर लिनक्स मिंट, आणि सगळी साधनं ओपन सोर्स.

सुरुवात व्हीएलसी या व्हिडिओ प्लेयरने. तो केशरी शंकू बहुतेकांच्या डेस्कटॉपवर असतोच. पॅरिसच्या इकोल सेंत्राल या कॉलेजातल्या विद्यार्थ्यांनी १९९६ मध्ये हा प्रकल्प सुरू केला आणि २००१ मध्ये तो जीपीएल परवान्याखाली सगळ्यांना खुला झाला. व्हीएलसी काहीही चालवतो अशी ख्याती आहे. व्हीसीडीच्या बाबतीत ती खरी ठरली. व्हीसीडीवरचं चित्र एमपेग-१ चं, आपल्याकडच्या पाल या टीव्ही-पद्धतीत ३५२ बाय २८८ एवढंच. ते साठवताना साध्या डेटा सीडीवर जी दुरुस्तीची जादा माहिती असते ती गाळलेली असते, म्हणून ओरखडा आला की सांभाळून घेणारं कुणी नाही. लिनक्सवर त्यातली डॅट फाइल नेहमीसारखी कॉपी करायला गेलं तर एरर येते. व्हीएलसीला मात्र थेट डिस्क उघडायला सांगितलं की तो चालू होतो, ओरखड्यापाशी जरा अडखळतो आणि पुढे जातो. ओठ एकीकडे, आवाज दुसरीकडे असं झालं असेल तर जे आणि के या दोन कळांनी आवाज मागेपुढे सरकवता येतो. आमच्या व्हीसीडींत हे दुखणं सर्रास होतं.

पण व्हीएलसी बघण्यापुरताच वापरावा. त्यातली 'रूपांतर करा/जतन करा' ही खिडकी मी लवकरच सोडून दिली. नेमकं काय होणार आहे ते ती धड सांगत नाही, आणि झालेल्या फाइलीत लांबी चुकीची दाखवणं, आवाज न येणं असले प्रकार होऊ शकतात. आणखी एक मर्यादा म्हणजे एकेक फ्रेम मागे जाता येत नाही, पुढेच जाता येतं. नाटक तपासताना, विशेषतः अंक कुठे कापायचा हे ठरवताना, ही अडचण रोज जाणवते.

म्हणून तपासणीसाठी एमपीव्ही घेतला. जुन्या एमप्लेयरच्या वंशातला हा प्लेयर दिसायला अगदीच उघडाबोडका आहे, आणि सेटिंग्ज एका साध्या मजकूर-फाइलीत लिहाव्या लागतात. पण पूर्णविराम आणि स्वल्पविराम या कळांनी एकेक फ्रेम पुढेमागे होते, आणि शिफ्ट-क्यू दाबून बंद केला की पुढच्या वेळी तिथूनच सुरू होतो. तीन तासांचं नाटक चार संध्याकाळी तपासायचं असेल तर याहून जास्त काही लागत नाही. संस्थेतल्या ज्येष्ठांच्या लॅपटॉपवर मात्र मी व्हीएलसीच टाकून दिला.

टाकताना एक काळजी घ्या. २०२२ मध्ये भारतात व्हीएलसीची अधिकृत साइट काही महिने सरकारी आदेशाने बंद होती. प्रकल्पाने कायदेशीर नोटीस पाठवल्यावर त्या नोव्हेंबरात ती पुन्हा उघडली. त्या काळात लोकांना कुठूनही डाउनलोड करायची सवय लागली. आता ती सोडा. व्हिडिओलॅन या व्हीएलसीच्या मूळ प्रकल्पाची स्वतःची साइट किंवा लिनक्सचं सॉफ्टवेअर-भांडार, तिसरीकडून नको.

आता मुख्य माणूस, चित्र-आवाजाचं रूपांतर करणारं एफएफएमपेग. फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रामरने २००० मध्ये सुरू केलेलं हे काम आज व्हीएलसी, एमपीव्ही, हँडब्रेक, रेकॉर्डिंगचं ओबीएस या सगळ्यांच्या पोटात आहे. त्याला खिडकी नाही, बटणं नाहीत. टर्मिनलमध्ये आज्ञा लिहायची. पहिले पंधरा दिवस वैताग येतो हे मान्य. पर्याय इनपुट फाइलीच्या आधी लिहिला की नंतर, यावर त्याचा अर्थ बदलतो, आणि हे कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही. माहितीपुस्तिका परिपूर्ण आहे, पण ती ज्याला आधीच येतं त्याच्यासाठी लिहिल्यासारखी वाटते.

तरीही या साऱ्या खटाटोपात मला सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट याच्याकडूनच मिळाली : बहुतेक वेळा एन्कोड करायची, म्हणजे चित्र नव्याने दाबून लिहायची, गरजच नसते. एमकेव्ही, एमपी४, व्हीओबी ही नुसती डब्यांची नावं. आत चित्र कोणत्या कोडेकमध्ये, म्हणजे दाबण्याच्या कोणत्या पद्धतीत आहे, आवाज कोणत्या, हा प्रश्न वेगळा. सोबत येणारं एफएफप्रोब हे एका ओळीत सांगतं. आमच्या डीव्हीडींवर प्रत्येक नाटक एकेक जीबीच्या व्हीओबी तुकड्यांत होतं, आत ७२० बाय ५७६ चं एमपेग-२. ते तुकडे जोडून 'मायनस सी कॉपी' एवढं सांगितलं की चित्राला हात न लावता सगळं एका एमकेव्हीमध्ये जातं. दर्जा कणभरही घसरत नाही आणि काम काही मिनिटांत उरकतं. 'कन्व्हर्टर' नावाची जी चकचकीत सॉफ्टवेअर्स विकली जातात, त्यांतली बरीचशी इथेही तासन्‌तास नव्याने एन्कोड करत बसतात आणि वर दर्जा घालवतात.

टर्मिनल नकोच असेल तर हेच काम माउसने करणारं लॉसलेसकट आहे. फक्त काप कीफ्रेमवर, म्हणजे अधूनमधून येणाऱ्या पूर्ण चित्रावर पडतो, म्हणजे तुम्ही दाखवलेल्या जागेच्या थोडा आधी. पडदा उघडण्यापूर्वीचा काळोख सेकंदभर जास्त आला तर नाटकाचं काही बिघडत नाही.

खरं एन्कोडिंग लागलं ते व्हीएचएस आणि मिनीडीव्हीला. मिनीडीव्हीची एक तासाची फीत फायरवायर केबलने उतरवली की १३ जीबी होते. व्हीएचएस कॅप्चर करायला मिळणारी स्वस्त यूएसबी कांडी मधल्या फ्रेम गाळते, आणि दुसऱ्या अंकापर्यंत गाणं आणि नट यांचा मेळ सुटतो. थोडं बरं उपकरण उसनं मिळालं तर बघा. ओबीएसने रेकॉर्ड करत असाल तर एमकेव्हीतच करा. मध्येच वीज गेली तर तोवरचं शाबूत राहतं, एमपी४ मात्र शेवटची नोंद लिहिली न गेल्याने उघडतच नाही. बॅटरी संपून अर्धवट राहिलेल्या मोबाइलच्या एमपी४ फाइलींवर अनट्रंक नावाचं छोटं साधन चालतं. त्याला त्याच फोनची एक धड फाइल नमुन्यादाखल द्यावी लागते.

या जुन्या फितींचा दुसरा गुण म्हणजे इंटरलेसिंग. पाल पद्धतीत सेकंदाला ५० अर्धी चित्रं येतात, एकात विषम ओळी, पुढच्यात सम. कॉम्प्युटरवर ती जोडून दाखवली की हलणाऱ्या हाताच्या कडेला कंगव्याचे दात उमटतात. त्यावर यॅडिफ हा जुना फिल्टर आहे आणि त्याच धाटणीचा, माझ्या मते जास्त सफाईदार, बीडब्ल्यूडीआयएफ. यातही एक मेख आहे. दोन अर्ध्यांमधून एक पूर्ण फ्रेम काढली तर सेकंदाला २५ मिळतात, आणि प्रत्येक अर्ध्यातून एक काढली तर ५०. संगीत नाटकात पदन्यास आहे, हातवारे आहेत. ५० ठेवलं तर हालचाल तेव्हा टीव्हीवर दिसायची तशी सलग दिसते, २५ वर ती तुटक होते. फाइल थोडी वाढते, वाढू दे.

एच.२६४ या कोडेकसाठी एक्स२६४ हा एन्कोडर वापरला. तोही व्हिडिओलॅनच्याच छत्राखालचा. त्यात दर्जाचा आकडा सीआरएफ, आपण न बदलल्यास तो २३, आकडा जितका कमी तितका दर्जा चांगला. २३ वर दिवसाउजेडातलं चित्र ठीक येतं, रंगमंच मात्र उघडा पडतो. काळ्या विंगा, मागे काळा पडदा, मध्ये एक स्पॉट, आणि त्या अंधारात जुन्या कॅमेऱ्याचे वळवळणारे ठिपके. २३ ला या अंधाराचे चौकोन दिसायला लागतात. मी १८ आणि 'स्लो' हा सावकाश वेग या जोडीवर स्थिरावलो. व्हीएचएसला आधी हलकासा एचक्यूडीएन३डी फिल्टर लावला तर ठिपके निवळतात आणि एन्कोडर त्यांच्यावर बिट्स उधळत नाही. १३ जीबीचा तास साधारण २-३ जीबीवर येतो. आमच्या लॅपटॉपचा पंखा त्या वेळी गिरणीसारखा ऐकू येतो, म्हणून अख्ख्या फोल्डरसाठी एक ओळ लिहून रात्री लावून द्यायचं. प्रोसेसरमधल्या हार्डवेअर एन्कोडरने हे कितीतरी लवकर होतं, पण त्याच दर्जाला फाइल मोठी होते. जतन करायच्या गोष्टीत मला घाई नाही.

हँडब्रेकबद्दल थोडक्यात. व्हिडिओ रूपांतराचं २००३ पासूनचं सॉफ्टवेअर, आवृत्ती १.० आली ती थेट २०१६ च्या डिसेंबरात. खिडकी छान, रांग लावता येते, टर्मिनलला बिचकणाऱ्या आमच्या चिटणीसांना ते दोन बैठकांत जमलं. पण ते चित्र कधीच जसंच्या तसं ठेवत नाही, प्रत्येक वेळी नव्याने एन्कोड करतं. आणि नेहमीच्या 'फास्ट १०८०पी३०' प्रीसेटमध्ये सेकंदाला ३० फ्रेमची कमाल मर्यादा असते, म्हणजे वर सांगितलेल्या ५० गेल्या. ती मर्यादा बदलून स्वतःचा प्रीसेट साठवा.

आवाजाचं काम मला जास्त आवडलं. कॅसेट ऑडॅसिटी या आवाज-संपादकात उतरवायची आणि फ्लॅकमध्ये ठेवायची. सीडीच्या दर्जाचा वेव्हमधला तास ६३५ एमबीच्या घरात जातो. फ्लॅक एक बिटही न गमावता तो बराच आटवतं. फक्त कॅसेटची सरसर जास्त असेल तर फार आटत नाही, कारण गोंगाटात दाबण्यासारखी पुनरावृत्तीच नसते.

ही सरसर काढताना तंबोऱ्याला जपायला हवं. ऑडॅसिटीला आधी नुसत्या गोंगाटाचा नमुना द्यावा लागतो. गायक थांबलाय म्हणून ती जागा निवडली तर तिथे तंबोरा किंवा ऑर्गनचा सूर चालूच असतो. सतत एकसारखा राहणारा आवाज म्हणजे गोंगाट, असं गणित असल्याने सॉफ्टवेअर तंबोराच पुसायला लागतं आणि गाणं विहिरीतून आल्यासारखं होतं. नमुना घ्यायचा तो साथ सुरू होण्यापूर्वीच्या कोऱ्या फितीचा, आणि घट सहा डेसिबलच्या वर न्यायची नाही. थोडी सरसर राहिली तरी चालते, तालमीच्या मधल्या 'पुन्हा घ्या, पुन्हा घ्या' सकट ऐकायला मजा येते. आणि मूळ, काही न केलेली फ्लॅक वेगळी ठेवायचीच.

ऐकायच्या प्रती ऑप्समध्ये केल्या. २०१२ मध्ये प्रमाणित झालेला हा कोडेक ९६ केबीपीएसला गाणं झकास देतो, आणि नुसत्या संवादाच्या तालमींना ३२ सुद्धा पुरतात. गाडीतल्या जुन्या म्युझिक सिस्टमला मात्र ऑप्स कळत नाही, तिथे एमपी३ च लागतं. एमपी३ च्या पेटंटांचा परवाना-कार्यक्रम २०१७ मध्ये संपला, त्यामुळे त्यातही आता अडचण नाही.

देवनागरीचा एक त्रास मराठी माणसाला ठाऊक असलेला बरा. एफएफएमपेगच्या ड्रॉटेक्स्ट फिल्टरने व्हिडिओवर कलाकारांची नावं लिहायला गेलं की जुन्या आवृत्त्यांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते आणि जोडाक्षरं सुटतात. ६.१ पासून त्यात अक्षरं नीट जुळवणारं हार्फबझ आलं आणि हे सुधारलं. त्याहून सोपा मार्ग सबटायटलचा : नावं एएसएस फाइलीत लिहायची, फाँट नोटो किंवा मुक्ता, आणि सबटायटल रेखाटणाऱ्या लिबअ‍ॅसकडून चित्रात उतरवायची. फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन करा, नाहीतर 'श्री' च्या जागी चौकोन दिसतील.

एव्ही१ करून पाहिलं. २०१८ मध्ये आलेला, रॉयल्टी न घेणारा कोडेक, एसव्हीटी-एव्ही१ या एन्कोडरने फाइल खरोखरच लहान झाली आणि चित्र चांगलं राहिलं. पण घराघरांतले बरेच जुने टीव्ही त्याला ओळखत नाहीत, काही तर दहा बिटांचं एच.२६४ ही नाकारतात. आमचे बरेच नट सत्तरीच्या पुढे आहेत, ते काही टर्मिनल उघडणार नाहीत. त्यांच्यासाठी आठ बिटांचं एच.२६४, आवाज एएसी, डबा एमपी४. ऑनलाइन ठेवायच्या प्रतीला 'फास्टस्टार्ट' लावायचं, म्हणजे पूर्ण उतरण्याआधीच ती चालू होते.

व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवलं तर दर्जा दाबला जातो. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवलं तर २ जीबीपर्यंत तसंच जातं. पेनड्राइव्ह बऱ्याच टीव्हींना एफएटी३२ मध्येच लागतो, आणि त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. आमची सगळी मोठी नाटकं त्या मर्यादेच्या पलीकडे जात होती. उपाय नाटकानेच दिलेला होता : 'मायनस सी कॉपी' वापरून अंकागणिक तुकडे, तीन अंकांच्या तीन फाइली. मध्यंतरात चहा ज्याचा त्याने करायचा.