ऑइल बाथवर बेअरिंग तापवण्याचा आठ महिन्यांचा अनुभव

लातूर जिल्ह्यातील एका साखर कारखान्याच्या देखभाल विभागात मी फिटर आहे. गेल्या मे महिन्यात, गळीत हंगामापूर्वीच्या दुरुस्तीची कामे सुरू होताना, आमच्याकडे 40 लिटरची, 3 किलोवॅटचा हीटर आणि थर्मोस्टॅट असलेली ऑइल बाथची टाकी, म्हणजे बेअरिंग गरम तेलात बुडवून तापवण्याची टाकी, आली. तापलेले बेअरिंग थोडे फुलते, म्हणून ते शाफ्टवर सहज चढते. डिसेंबरअखेरपर्यंत ती जवळजवळ रोज वापरली.

आधी तिच्या पदरात माप टाकतो. पूर्वी आमच्याकडे गॅस कटिंगच्या ज्योतीवर बेअरिंग तापवले जाई आणि इनर रेसवर, म्हणजे बेअरिंगच्या आतल्या कडीवर, निळे डाग पडत. ते पूर्ण थांबले. तेलात बेअरिंग सगळीकडून सारखे तापते, आणि लहान मापाची चार-पाच बेअरिंग एकाच वेळी ठेवता येतात.

खरी अडचण तेलाच्या स्वच्छतेची आहे. आमच्या शेडमध्ये बगॅसचा, म्हणजे उसाच्या चिपाडाचा, बारीक भुसा सतत उडतो आणि झाकण उघडले की तो तेलावर बसतो. महिन्याभरात तेल काळे पडले आणि तळाला बोटाला खरखरीत लागणारा गाळ साचला. बेअरिंग तळाला टेकू नये म्हणून आम्ही ते जाळीवर ठेवतो, तरीही ते बाहेर काढताना गाळ ढवळला जातो आणि तेलाबरोबर रोलर आणि ते जागेवर धरणाऱ्या केजच्या फटींत शिरतो. नवे बेअरिंग आपण खोक्यातून अगदी शेवटच्या क्षणी काढतो ते धुळीपासून जपण्यासाठीच, आणि नंतर तेच अशा तेलात बुडवतो, हे मला मनापासून खटकते. पावसाळ्यात पत्र्यातून गळलेले पाणी टाकीच्या तळाशी गेले होते. तेल 100 अंशांच्या वर जाताच ते तडतडून उसळले आणि माझ्या सहकाऱ्याच्या मनगटावर फोड आले.

दुसरी गोष्ट वेळेची आणि तापमानाची. टाकी 110 अंशांवर यायला पाऊण तास, त्यानंतर बेअरिंग आतपर्यंत तापायला किमान वीस मिनिटे. थर्मोस्टॅटचा सेन्सर टाकीच्या एका कोपऱ्यात आहे, त्यामुळे तेल ढवळले नाही तर हीटरजवळचे तेल आणि वरचे तेल यांत बराच फरक राहतो. साधारण बेअरिंग 120 ते 125 अंशांच्या पुढे नेऊ नये, नाहीतर पोलादाचा कडकपणा आणि माप दोन्ही बिघडू शकतात. म्हणून डायलवर विसंबून चालत नाही.

ऑगस्टमध्ये बॉयलरच्या आयडी फॅनवर, म्हणजे धूर ओढून घेणाऱ्या पंख्यावर, 22220 क्रमांकाचे बेअरिंग बसवताना याची किंमत मोजली. त्याचा बोअर, म्हणजे आतल्या भोकाचा व्यास, 100 मिलिमीटर. शाफ्ट 30 अंशांवर आणि बेअरिंग 110 वर असले तर बोअर सुमारे 0.09 मिलिमीटर फुलतो आणि शाफ्टवर सहज सरकतो. परंतु तेलाने निथळणारे पाच किलोचे बेअरिंग हातमोज्यांतून निसटू लागले, ते पुसण्यात आणि पुन्हा धरण्यात वेळ गेला, आणि शाफ्टच्या शोल्डरपासून, म्हणजे बेअरिंग जिथे टेकायला हवे त्या पायरीपासून, दोन बोटे अलीकडे ते आवळून बसले. पुलर, म्हणजे ओढून काढण्याचे अवजार, लावून ते काढावे लागले. ओढ रोलरवरून गेल्यामुळे रेसवर खुणा उमटल्या आणि नवे बेअरिंग भंगारात गेले.

सील असलेली, आधीच ग्रीस भरलेली बेअरिंग तर यात टाकूच नयेत. तेल आत शिरून ग्रीस पातळ होते. उघड्या बेअरिंगमध्येही राहिलेले तेल नंतर भरलेल्या ग्रीसमध्ये मिसळते, म्हणून निथळवणे आवश्यक असते, आणि निथळेपर्यंत बेअरिंग थंड होते. या पेचातून मला आठ महिन्यांत वाट सापडली नाही. शिवाय बगॅसच्या ढिगाऱ्याजवळ गरम तेलाची टाकी ठेवणे आगीच्या दृष्टीने घातक आहे, आणि वापरलेले तेल 2016 च्या नियमांनुसार धोकादायक कचऱ्यात मोडत असल्याने ते साठवण्याचा आणि अधिकृत पुनर्प्रक्रियेसाठी देण्याचा व्याप वेगळाच.

डिसेंबरमध्ये दुसऱ्या कारखान्याकडून इंडक्शन हीटर, म्हणजे तेलाशिवाय विजेच्या चुंबकीय प्रभावाने बेअरिंग तापवणारे यंत्र, चार दिवसांसाठी उसना आणला. त्याच मापाचे बेअरिंग काही मिनिटांत तापले, कोरडे राहिले, तापमान मोजणाऱ्या प्रोबमुळे इनर रेसचेच तापमान दिसले. त्यात काम संपल्यावर चुंबकत्व काढावे लागते, अन्यथा लोखंडाचा कीस रेसला चिकटतो. त्या उसन्या यंत्रात ते आपोआप होत होते. किंमत टाकीच्या कितीतरी पट आहे, हे खरे. तरीही पुढील दुरुस्तीसाठी मी विभागाला लेखी मागणी दिली आहे, आणि तोपर्यंत टाकीला घट्ट झाकण, दर पंधरवड्याला तेल गाळणे आणि हातात धरण्याचा स्वतंत्र तापमापक एवढे आम्ही सुरू केले आहे.