दम्याचा अटॅक: डीकॅफ, बॅप-65 की बोड?

निपाणीत तंबाखूच्या वखारीत जन्म काढलेली आजी रात्री दोनला धापा टाकत येते. मुलगा विचारतो, "डॉक्टर, इथंच ठेवू की बेळगावला हलवू?" हा खरं तर सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा फुप्फुसाचा आजार; घरचे त्याला दमाच म्हणतात, ते असू दे. पण त्या प्रश्नात दोन प्रश्न असतात: या अटॅकमधून निभावेल का, आणि निभावली तर पुढं किती?

उत्तरासाठी गुण मोजायच्या तीन पद्धती आहेत; गुण जास्त तितका धोका जास्त. पहिल्या प्रश्नासाठी त्यातली डीकॅफ सरस. पाच गोष्टी, सहा गुण: आधीपासूनचा दम, इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) 50 च्या खाली, एक्स-रेत न्यूमोनिया, रक्ताचा पीएच 7.30 पेक्षा कमी (रक्त आम्लधर्मी झालेलं), नाडी अनियमित (एट्रियल फिब्रिलेशन). घराबाहेर एकट्यानं पडवत नसेल तर दमाचा 1 गुण, अंघोळीला नि कपड्यांनाही हात लागत असेल तर 2. 2012 च्या मूळ अभ्यासात 0-1 गुणवाल्यांत शंभरात एक-दोन दगावले, 3 गुणांना जवळपास चौघांत एक. मात्र ते रुग्ण इंग्लंडातले, सिगारेट ओढलेले. चुलीपुढची आपली मावशी त्यात नव्हती. शिवाय गावातून निघताना स्टेरॉईडचं इंजेक्शन टोचलेलं असतं, त्यानंच इओसिनोफिल खाली येतात आणि एक गुण फुकटचा चढतो. इंजेक्शन कधी दिलं, हे आधी विचारा.

पीएच मोजायचं एबीजी (रक्तातल्या वायूंच्या तपासणीचं) मशीन नसेल तर त्याच प्रश्नाला बॅप-65. बीयूएन (रक्तातल्या युरियामधलं नायट्रोजन) 25 किंवा वर, शुद्धीत फरक, नाडी 109 किंवा वर. यातलं काहीच नसेल तरच वय 65 च्या पुढं आहे का, ते बघायचं. आपली लॅब बहुधा ब्लड युरिया देते, बीयूएन नाही. तेव्हा 25 म्हणजे युरिया साधारण 53. इथं चूक झालेली मी पाहिलीय. आणि "आत्ता शांत झोपलीय बघा," असं मुलगा समाधानानं सांगतो, तेव्हा मला धडकी भरते. हलवून उठली नाही तर ती झोप नव्हे, रक्तात साठलेला कार्बन डायऑक्साईड असू शकतो. मग गुणांची बेरीज करत बसायचं नाही. बायपॅप (मास्कमधून श्वासाला जोर देणारं मशीन) असेल तिकडं गाडी काढायची.

दुसऱ्या प्रश्नाला बोड, हे वर्षांचं गणित: उंचीच्या मानानं वजन, फुंकणीची तपासणी (स्पायरोमेट्री), दम, सहा मिनिटांचं चालणं. अटॅकमध्ये ते करूच नये. दीड-दोन महिन्यांनी, तब्येत बसल्यावर करावं. चालायला 30 मीटरची सरळ वाट लागते. आमचा व्हरांडा 18 चा, म्हणून आजीला सकाळी शाळेच्या पटांगणात बोलावतो.